निस्का येतो तेव्हा शाळा बंद होते: जेम्स उपसागराच्या काठावरचे वसंतातले अन्न

कॅनडाच्या नकाशावर हडसन उपसागराच्या दक्षिण टोकाला खाली लोंबणारा एक फाटा दिसतो. त्याला जेम्स उपसागर म्हणतात. त्याच्या पश्चिमेला ओंटारिओ प्रांत आहे, पूर्वेला क्वेबेक, आणि दोन्ही काठांवर क्री या आदिवासी समाजाची गावे आहेत. पश्चिम काठावर मूस फॅक्टरी, फोर्ट ऑल्बनी, कशेचेवन आणि अटावापिस्कॅट. पूर्व काठावर वास्कागॅनिश, ईस्टमेन, वेमिंजी आणि चिसासिबी. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंतच्या काळात इथल्या शाळा साधारण दोन आठवडे बंद राहतात, आणि आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळांपर्यंत कुटुंबेच्या कुटुंबे किनाऱ्यावरच्या आपापल्या तळांवर राहायला जातात. या सुट्टीला तिथे ‘गूज ब्रेक’ म्हणतात. दक्षिणेकडून परतणाऱ्या जंगली हंसांच्या थव्यांसाठी ती दिलेली असते.

एका पक्ष्यासाठी शाळेला सुट्टी, हे दुरून पाहणाऱ्याला हौसेचे वाटू शकते. पण या सुट्टीमागे अन्नाचा, हक्काचा आणि आरोग्याचा असा गुंतलेला विषय आहे, आणि त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: पक्षी केव्हा मारावा हे कोणाच्या दिनदर्शिकेने ठरवायचे? पक्ष्याचे येणे आणि माणसाची भूक ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या, की हजारो किलोमीटर दूर बसून तारखा ठरवणाऱ्यांच्या? जवळजवळ ऐंशी वर्षे या प्रश्नाचे उत्तर चुकीचे दिले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी पक्षी आणि त्याचा ऋतू समजून घ्यायला हवा.

मराठीत ‘हंस’ म्हटले की सरस्वतीचे वाहन असलेला पांढराशुभ्र, लांब मानेचा पक्षी डोळ्यांसमोर येतो. इथे अभिप्रेत असलेला पक्षी त्याच कुळातला, पण बदकापेक्षा मोठा आणि राजहंसापेक्षा आखूड मानेचा आहे. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला किंवा जायकवाडीच्या जलाशयावर उतरणारे पट्टकादंब ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या पक्ष्याच्या बांध्याची कल्पना लगेच येईल. मराठी पक्षिनामांत अशा पक्ष्यांसाठी ‘कलहंस’ हा शब्द आहे, तोच मी पुढे वापरणार आहे. क्री लोकांच्या वसंतातल्या जेवणाचा कणा असलेला कलहंस म्हणजे ‘कॅनडा गूज’: काळी मान, गालावर पांढरा पट्टा, तपकिरी अंग, आणि वजन तीन ते पाच किलोंच्या घरात. टोरांटो किंवा मिसिसागा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा पक्षी उद्यानांतल्या हिरवळीवर रोजच दिसतो आणि बहुधा त्याच्या घाणीचा त्रासही होतो. तोच पक्षी क्री भाषेत ‘निस्का’ आहे. वसंतातल्या एका महिन्याला क्री लोक ‘निस्की-पीसिम’, म्हणजे कलहंसांचा चंद्र, असे म्हणतात. निस्काच्या जोडीला दुसरा एक पांढरा, काळ्या पंखटोकांचा हिमहंस येतो, त्याला ‘वेहवेव’ म्हणतात. जुन्या इंग्रज व्यापाऱ्यांनी हाच शब्द उचलून या पक्ष्याला ‘वेव्ही’ म्हणायला सुरुवात केली.

आता ऋतूविषयी. सब-आर्क्टिक, म्हणजे उत्तर ध्रुवीय पट्ट्याच्या लगतच्या प्रदेशातला हिवाळा सहा-सहा महिने टिकतो. पूर्वी या काळात ससे, रानकोंबड्यांसारखे पक्षी, बीव्हर, मासे आणि मिळाली तर कॅरिबू किंवा मूस ही मोठी हरणे यांवर गुजराण होत असे. यांतल्या सशाचे मांस अगदी कोरडे असते, त्यात चरबी जवळजवळ नसते. कडाक्याच्या थंडीत माणसाने केवळ बिनचरबीचे मांस खाल्ले, तर पोट भरूनही शरीर खंगत जाते, कारण प्रथिनांपासून मिळवता येणाऱ्या ऊर्जेला मर्यादा असते. म्हणून हिवाळ्याच्या अखेरीस या लोकांना ओढ असे ती चरबीची. नेमके तेव्हाच निस्का येतो, आणि तो येतो तो चरबीने भरलेला. दक्षिणेतल्या शेतांत आणि दलदलींत हा पक्षी वाटेवर खाऊन खाऊन अंगावर साठा करतो, कारण उत्तरेत पोहोचल्यावर नवीन गवत उगवण्याआधीच त्याला घरटे बांधून अंडी घालायची असतात. अंड्यांसाठी आणि उबवणीच्या उपाशी दिवसांसाठी जमवलेला हा साठाच क्री लोकांच्या ताटात पडतो. शरद ऋतूत परतणारे थवेही मारले जातात, परंतु वसंतातल्या पक्ष्याची गरज निराळी आणि जास्त निकडीची होती.

आजही हा काळ अडचणीचाच असतो, जरी कारण बदललेले असले तरी. पश्चिम काठावरच्या फोर्ट ऑल्बनी, कशेचेवन आणि अटावापिस्कॅट या गावांना बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवरून आणि नद्यांवरून तात्पुरता बर्फाचा रस्ता केला जातो, त्यावरून ट्रक येतात. उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या मूसोनी गावाहून सामान घेऊन पडाव, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, येतात. बर्फाचा रस्ता वितळल्यानंतर आणि पडाव सुरू होण्याआधी जे आठवडे जातात, त्यांत गावात येणारी प्रत्येक वस्तू विमानाने येते. कलहंस येण्याचे आठवडे हेच आहेत.

शिकारीची पद्धत पाहिली की तिच्यात किती शिस्त मुरलेली आहे ते कळते. किनाऱ्याचा हा प्रदेश कोकणातल्या खाजणांसारखा सपाट आणि भरती-ओहोटीचा आहे. फरक इतकाच की वसंतात तो अर्धा बर्फाखाली असतो. शिकारी बर्फाचे ठोकळे आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या रचून लपण तयार करतात. समोर उघड्या झालेल्या पाण्याजवळ फसवे पक्षी मांडतात. पूर्वी हे फसवे पक्षी चिखलाच्या ढेकळांचे, मारलेल्या पक्ष्यांना काठीचा आधार देऊन उभे केलेले किंवा टॅमरॅक नावाच्या झाडाच्या बारीक काटक्या बांधून बनवलेले असत. काटक्यांचे हे कलहंस आता हस्तकला म्हणून विकले जातात, आणि त्यांच्या मानेची वळणे पाहिली तर ते बनवणाऱ्याने पक्षी किती जवळून न्याहाळला असेल ते लक्षात येते. थवा दिसला की शिकारी तोंडानेच कलहंसाची हाक देतो. आकाशातून उत्तर येते, थवा वळतो, घिरट्या घेत खाली उतरू लागतो आणि मगच बंदुका उचलल्या जातात.

पूर्व काठावरच्या चिसासिबी आणि वेमिंजी गावांत अभ्यासकांनी या शिकारीचे नियम नोंदवून ठेवले आहेत. तळावर एक अनुभवी माणूस प्रमुख असतो. आज कुठे शिकार करायची, कोणती जागा मोकळी सोडायची हे तो ठरवतो. वारा पडलेल्या दिवशी बंदूक चालवायची नाही, कारण शांत हवेत आवाज दूरवर जातो आणि आसपास चरणारे सगळे थवे बिथरतात. संध्याकाळ झाल्यावर गोळी झाडायची नाही, कारण अंधारात पडलेला पक्षी सापडत नाही, आणि शिवाय रात्री विसाव्याला आलेल्या पक्ष्यांना तिथे सुरक्षित वाटले पाहिजे. एकाच जागी रोज शिकार करायची नाही. जागा आलटून पालटून वापरायच्या. बाहेरून पाहणाऱ्याला यांतले काही नियम श्रद्धेचे वाटतात, काही व्यवहाराचे. क्री शिकाऱ्यासाठी हा भेद नसतो. पक्षी स्वतःला माणसाच्या हाती देतो आणि त्याचा अनादर केला तर तो पुन्हा येत नाही, ही त्यांची धारणा आहे. आणि त्रास दिलेला थवा पुन्हा त्या जागी उतरत नाही, हे पक्षिशास्त्रही मान्य करील.

मारलेला पक्षी तळावर आला की पुढचे काम मुख्यतः बायकांच्या हातात असते, आणि ते कमी कष्टाचे नाही. आधी मोठी पिसे उपटायची, मग खालची मऊ लव वेगळी काढून पिशवीत भरायची, कारण तिच्या उशा आणि रजया होतात. उरलेली बारीक लव आगीच्या ज्वाळेवर धरून जाळायची. पंखांचा झाडणीसारखा उपयोग होतो. यकृत, हृदय, पेषणी, मान आणि पायसुद्धा उकळून खाल्ले जातात. चरबी वितळवून भरून ठेवतात. काही पक्षी धुरावर वाळवले जातात, काही आता शीतपेटीत जातात, आणि काहींचा कणकेचे गोळे घातलेला रस्सा होतो.

पण सणाचा स्वयंपाक म्हणजे ‘सागाबोन’. तंबूत मधोमध शेकोटी असते. आडव्या दांडीला दोऱ्या बांधून प्रत्येक दोरीला एक अख्खा कलहंस टांगतात, थेट ज्वाळेवर नव्हे, तर तिच्या बाजूला, आचेच्या टप्प्यात. दोरीला पीळ दिला की पक्षी स्वतःभोवती फिरू लागतो, पीळ सुटतो, मग तो उलटा फिरतो, आणि वेग मंदावला की जवळ बसलेली आजी किंवा एखादे मूल काठीने त्याला पुन्हा फिरवून देते. खाली भांडे ठेवलेले असते, त्यात चरबी थेंब थेंब पडत राहते. कातडी सोनेरी होऊन तडतडू लागेपर्यंत काही तास जातात. मांस काढले की ते बॅनक नावाच्या जाडसर भाकरीसारख्या पावाबरोबर खातात आणि पाव त्या भांड्यातल्या चरबीत बुडवतात. जमिनीवर ताज्या स्प्रूसच्या डहाळ्या अंथरलेल्या असतात, त्यामुळे तंबूत धूर, चरबी आणि चीक यांचा एकत्र वास दरवळत असतो.

वाटप हा या अन्नाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. ज्यांना तळावर जाता येत नाही अशा वृद्धांना, विधवांना, आजाऱ्यांना वाटा पोहोचवला जातो. मुलाने आयुष्यातला पहिला कलहंस मारला की तो त्याचा राहत नाही, तो वडीलधाऱ्यांना दिला जातो. पूर्व काठावर चालू लागलेल्या बाळांचा एक विधी होतो: पहाटे तंबूचे दार उघडून बाळाला प्रथमच आपल्या पायांनी बाहेरच्या जमिनीवर चालवतात. त्याच्या हातात खेळण्यातली बंदूक असते, ते बाहेर ठेवलेल्या शिकारीपर्यंत जाते आणि परत येऊन ती शिकार आजी-आजोबांच्या स्वाधीन करते. अन्न मिळवणे आणि अन्न देणे या दोन्ही गोष्टी त्या एका फेरीत बाळाला शिकवलेल्या असतात.

हे अन्न एके काळी इंग्रज व्यापाऱ्यांचेही होते. हडसन्स बे कंपनीने जेम्स उपसागराच्या काठावर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणी उभारली. मूस फॅक्टरीचे ठाणे 1673 सालचे. या ठाण्यांवरचे कर्मचारी हिवाळाभर जे खात, त्यात क्री शिकाऱ्यांनी पुरवलेल्या आणि पिंपांत मीठ लावून ठेवलेल्या कलहंसांचा मोठा वाटा होता. त्यांची मोठी पिसे लेखण्यांसाठी इंग्लंडला जात. क्री लोकांनी वसंतात केलेली शिकार तेव्हा कोणालाच खटकत नव्हती.

ती खटकू लागली विसाव्या शतकात, आणि इथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेत बाजारासाठी पक्ष्यांची जी कत्तल झाली, तिला तोड नाही. आकाश झाकून टाकणाऱ्या प्रवासी कबुतरांच्या जातीतला शेवटचा पक्षी 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. या धक्क्यातून 1916 मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा करार झाला आणि 1917 मध्ये कॅनडाने तसा कायदा केला. हेतू चांगला होता आणि पुष्कळ पक्षी त्यामुळे वाचले, हे मान्यच केले पाहिजे. चूक झाली ती तारखांत. शिकारीच्या पक्ष्यांसाठी 10 मार्च ते 1 सप्टेंबर हा बंदीचा काळ ठरला. दक्षिणेत, जिथे शिकार हा शरदातला छंद होता, तिथे हा नियम कोणाला जाचला नाही. उत्तरेत मात्र पक्षी येतात ते एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे त्यांच्या मुक्कामाचा जवळजवळ सगळा काळ बंदीत गेला. आदिवासींना काही सागरी पक्षी आणि स्कोटर नावाची बदके अन्नासाठी मारण्याची सवलत दिली गेली. कलहंसाचा त्यात उल्लेखच नव्हता. ज्यांनी या पक्ष्यांची कत्तल केली नव्हती, त्यांच्यावर बंदीचा सर्वांत मोठा भार पडला.

त्यात विसंगती अशी की, सरकारनेच याच्या थोडे आधी वेगळे वचन दिले होते. पश्चिम काठावरच्या क्री आणि शेजारच्या ओजिब्वे लोकांशी 1905 आणि 1906 मध्ये जो नववा करार झाला, त्यात त्यांना नेहमीप्रमाणे शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क होता, अर्थात सरकार करील त्या नियमांच्या अधीन राहून. ‘नियमांच्या अधीन’ या शब्दांतून पुढचे सगळे शिरले.

दूरच्या गावांत या बंदीची अंमलबजावणी बरीच सैल असे, म्हणून शिकार चालू राहिली, पण ती गुन्हा म्हणून चालू राहिली. कायदा किती दूर पोहोचू शकतो हे मायकेल सिकिया यांच्या खटल्याने दाखवून दिले. हे क्री नव्हते, वायव्य कॅनडातल्या यलोनाइफ भागातले, डेने या आदिवासी समाजाचे होते. मे 1962 मध्ये त्यांनी खाण्यासाठी एक मॅलर्ड बदक मारले आणि त्यांच्यावर खटला भरला गेला. खालच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, अपिलात न्यायाधीशांनी निर्दोष ठरवले, त्याहून वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि 1964 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. त्यांच्या समाजाशी झालेला करार शिकारीचा हक्क देत असला तरी संसदेचा कायदा त्याहून वरचढ ठरतो, असा त्या निकालाचा अर्थ होता. सिकिया यांनी ते बदक मारले त्याच्या आदल्या वर्षी, 1961 मध्ये, याच आंतरराष्ट्रीय करारामुळे अलास्कातल्या बॅरो गावात बदक मारल्याबद्दल अटक झाली, तेव्हा इनुपियाट या तिथल्या आदिवासी समाजाची 138 माणसे प्रत्येकी एक आयडर बदक हातात घेऊन अधिकाऱ्यासमोर उभी राहिली आणि आम्हालाही अटक करा म्हणाली. एका गावाने आपली भूक इतक्या शांतपणे आणि इतक्या ठामपणे मांडल्याचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

बदल हळूहळू झाला. पूर्व काठावरच्या क्री लोकांनी जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध केलेल्या लढ्यातून 1975 मध्ये जेम्स बे आणि उत्तर क्वेबेक करार झाला. त्यात शिकारीचे हक्क सविस्तर मांडले गेले, आणि पाठोपाठ रानात राहून शिकारीवर जगणाऱ्या कुटुंबांना उत्पन्नाचा आधार देणारी योजनाही सुरू झाली. कॅनडा आणि अमेरिकेने 1979 मध्ये मूळ पक्षी-करारात दुरुस्ती करणाऱ्या दस्तऐवजावर सह्या केल्या, परंतु तो कधीच अमलात आला नाही. मग 1982 च्या राज्यघटनेच्या 35 व्या कलमाने आदिवासींच्या आणि करारांतून मिळालेल्या हक्कांना मान्यता दिली, आणि 1990 च्या स्पॅरो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रजातीच्या रक्षणाची गरज भागल्यावर पहिला हक्क आदिवासींच्या अन्नाचा आहे. तो खटला सॅल्मन माशांचा होता, पण त्यानंतर कलहंसांवरची वसंतातली बंदी टिकणे कठीणच होते. अखेर 1995 मध्ये दोन्ही देशांनी नव्या दुरुस्तीवर सह्या केल्या आणि 1999 मध्ये ती लागू झाली. आज कॅनडातल्या आदिवासींना आपल्या हक्कांच्या चौकटीत वर्षभर स्थलांतरित पक्षी आणि त्यांची अंडी मिळवता येतात.

तारखांचा वाद एवढ्यावरच संपत नाही, कारण हेच पक्षी हिवाळ्यात दक्षिणेतल्या हौशी शिकाऱ्यांच्या बंदुकांसमोरून जातात. उत्तर क्वेबेकमध्ये घरटी करणाऱ्या कॅनडा कलहंसांच्या जोड्या 1995 मध्ये सुमारे 29,000 पर्यंत घसरल्या, तेव्हा अमेरिकेच्या अटलांटिक बाजूच्या राज्यांत या पक्ष्यांची हौशी शिकार काही वर्षे थांबवण्यात आली आणि संख्या पुन्हा सावरली. संख्या घटली तर आधी हात आखडायचा तो हौसेने, पोटाने नव्हे, हे तत्त्व इथे निदान एकदा तरी पाळले गेले.

या अन्नाला बाजारात मोल नाही, आणि ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. स्थलांतरित पक्ष्याचे मांस दुकानात विकता येत नाही. दुरुस्तीनंतरही खरेदी-विक्रीला आदिवासी समाजांपुरती आणि त्यांच्या करारांपुरतीच मुभा आहे. त्यामुळे गावातल्या दुकानात विमानाने आलेली गोठवलेली कोंबडी मिळते, पण कलहंस मिळतो तो नात्यातूनच. तपासणी न झालेले रानातले मांस सार्वजनिक स्वयंपाकघरात चालत नाही, म्हणून आजारी पडून दूरच्या शहरात दाखल झालेल्या वृद्धांना ओळखीचे काहीच खायला मिळत नसे. वायव्य ओंटारिओतल्या सू लुकआउट गावच्या रुग्णालयाने यावर मार्ग काढला आहे. दान म्हणून आलेले रानातले मांस आणि मासे तिथे रुग्णांना शिजवून दिले जातात. त्या उपक्रमाचे नाव ‘मीचिम’ आहे. मीचिम म्हणजे अन्न.

दुकानातल्या अन्नाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. उत्तरेकडच्या गावांत दूध, फळे, भाज्या यांच्या किमती दक्षिणेतल्या शहरांच्या तुलनेत फार जास्त असतात, आणि 2011 पासून ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ हे सरकारी अनुदान असूनही ही दरी बुजलेली नाही. परवडते ते टिकाऊ, गोड आणि खारट पाकिटबंद अन्न, आणि या गावांत मधुमेह फार आहे. 2008 ते 2018 या काळात कॅनडाभरच्या 92 आदिवासी समाजांत झालेल्या अन्न आणि पर्यावरणविषयक पाहणीत असे दिसले की, जवळजवळ निम्म्या कुटुंबांना पुरेशा अन्नाची शाश्वती नाही, आणि ज्या दिवशी लोक रानातले अन्न खातात त्या दिवशी त्यांच्या आहाराचा दर्जा चांगला असतो. कलहंसातून उत्तम प्रथिने आणि भरपूर लोह मिळते. शिवाय तो मिळवण्यासाठी माणसाला हिंडावे लागते, हेही कमी नाही.

मात्र या ताटात एक विष बराच काळ मिसळत होते, ते म्हणजे शिसे. छऱ्याच्या बंदुकीतून सुटणारे बारीक छर्रे पूर्वी शिशाचे असत. पक्षी साफ करताना दिसतील तेवढे छर्रे काढून टाकले तरी हाडावर आपटून फुटलेल्या छऱ्यांचे सूक्ष्म कण मांसात राहतात, आणि काही अख्खे छर्रे गिळलेही जातात. पश्चिम काठावरच्या गावांतील रुग्णांची क्ष-किरण छायाचित्रे तपासताना संशोधकांना काहींच्या पोटात, आंत्रपुच्छात अडकलेले, पांढऱ्या ठिपक्यांसारखे छर्रे दिसले. पुढे रक्तातल्या शिशाच्या समस्थानिकांची छऱ्यातल्या शिशाशी तुलना केली गेली आणि दोन्हींचा मेळ बसला. शिसे वाढत्या मुलांच्या मेंदूला सर्वाधिक अपाय करते, आणि गर्भवती आईकडून ते बाळापर्यंत पोहोचते, म्हणून हा शोध फार गंभीर होता. कॅनडाने 1999 मध्ये बहुतेक स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यावर देशभर बंदी घातली. पोलादी छर्रे हलके असल्याने पक्षी अधिक जवळ येऊ द्यावा लागतो आणि नेमबाजी नव्याने शिकावी लागते, त्यामुळे सुरुवातीला त्यांच्याविषयी नाराजी होती. पण इथे दोष अन्नाचा नव्हता, काडतुसाचा होता. लोकांना कलहंस खाऊ नका असे सांगण्यापेक्षा काडतूस बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. 2022 पासून उत्तर अमेरिकेतल्या जंगली पक्ष्यांत बर्ड फ्लू पसरला, तेव्हाही सल्ला याच स्वरूपाचा होता: आजारी दिसणारा पक्षी घेऊ नका, साफ करताना हातमोजे घाला, मांस पूर्ण शिजवा.

पक्ष्यांचे मार्गही बदलत आहेत. हिमहंसांची संख्या दक्षिणेतल्या शेतांतल्या धान्यावर इतकी वाढली की, उत्तरेच्या किनाऱ्यावरची दलदल ते मुळासकट उकरून खातात. चर्चिलजवळच्या ला पेरूज उपसागरात हिरवळीच्या जागी उघडा खारट चिखल उरला. म्हणून 1999 पासून कॅनडा आणि अमेरिकेने या एका जातीसाठी हौशी शिकाऱ्यांनाही वसंतात शिकारीची परवानगी दिली. पूर्व काठावर उलटे घडले. तिथल्या उथळ समुद्रात वाढणारे समुद्री गवत नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस एकाएकी खचले, आणि त्यावर चरणारे कलहंस किनाऱ्यापासून दुरावले. चिसासिबीचे शिकारी याचा संबंध ला ग्रांद नदीवरच्या धरणांतून हिवाळ्यात सोडल्या जाणाऱ्या गोड्या पाण्याशी लावतात. वाढलेले तापमान हेही एक कारण सांगितले जाते. धरणांच्या जलाशयांमुळे थवे आता किनारा सोडून आतल्या बाजूने उडतात, असेही जुन्या शिकाऱ्यांचे निरीक्षण आहे.

आणि बर्फ आता लवकर जातो. तळापर्यंत स्नोमोबिल या बर्फावर चालणाऱ्या गाडीने जाण्यासाठी नदी आणि किनारा गोठलेला असावा लागतो, तर पक्षी उतरण्यासाठी पाणी उघडे व्हावे लागते. या दोन्हींच्या मधली फट म्हणजेच शिकारीचा काळ. ऊब अचानक वाढली की ही फट अरुंद होते, थवे फार न थांबता पुढे निघतात, आणि तळावर गेलेल्या कुटुंबांना परतीची वाट उरत नाही. काही जण त्यासाठी भाड्याने हेलिकॉप्टर घेतात, ज्याचा खर्च एका कुटुंबाला झेपणारा नसतो. पेट्रोल, काडतुसे आणि हेलिकॉप्टर यांची बेरीज केली तर फुकटचे वाटणारे हे अन्न किती महाग पडते ते कळते. कशेचेवनमध्ये तर याच दिवसांत ऑल्बनी नदीचा बर्फ फुटून पुराचा धोका उभा राहतो आणि गाव रिकामे करण्याची वेळ वारंवार येते. तेव्हा दूरच्या शहरातल्या हॉटेलात महिनाभर राहण्यापेक्षा उंचवट्यावरच्या आपल्या कलहंसांच्या तळावर जाणे अनेक कुटुंबांना बरे वाटते: तिथे आजी असते, शेकोटी असते आणि दोरीला टांगलेला निस्का असतो.

शाळेच्या सुट्टीच्या तारखा मात्र आधीच ठरवाव्या लागतात. पक्षी आठवडाभर लवकर आले, तर पहिले थवे डोक्यावरून जाताना मुले वर्गात बसलेली असतात, आणि तो आवाज खिडकीतून आत येतो.